क्षार शब्दाचे दोन अर्थ आणि अम्लाच्या व्याख्या

सुश्रुतसंहितेंतील ‘क्षार’ आणि मराठी शालेय रसायनांतील ‘क्षार’ हे दोन निरनिराळे पदार्थ आहेत. सुश्रुताचा क्षार म्हणजे वनस्पतींच्या राखेपासून काढलेलें, त्वचा व मांस खाणारें आणि अम्लानें शमणारें द्रव्य. आजच्या मराठी पाठ्यपुस्तकांतील क्षार म्हणजे अम्ल व आम्लारी यांच्या संयोगापासून निपजणारें द्रव्य; त्याला हिंदींत लवण म्हणतात. ज्या शब्दानें पूर्वीं बापाचा बोध होत असे त्यानें आतां लेंकराचा होतो. हिंदी लेखकांनीं हा शब्द जुन्या अर्थाजवळच ठेविला. मराठींत तो सरकला. भाषेंत असे पालट नेहमींच होतात व त्याबद्दल तक्रार करण्याचें कारण नाहीं. परंतु नवा अर्थ मनांत धरून जुना ग्रंथ वाचला म्हणजे जो घोंटाळा होतो तो केवळ शब्दांचा राहत नाहीं. प्राचीन हिंदुस्थानांत बंदुकीची दारू होती कीं नव्हती, लोणारच्या सरोवरांतून मोगल अमदानींत नक्की कोणता माल निघत होता, असे प्रश्न या एका शब्दावर येऊन अडतात. म्हणून अम्ल कशास म्हणावें व त्याचा प्रतिपक्षी कोणता, हें ठरविण्याच्या व्याख्या कसकशा निपजल्या याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

या विचारास देहूरोडचा परिसर फार सोयीचा आहे. पुण्याहून मुंबईकडे जातांना खडकी, पिंपरी, चिंचवड व आकुर्डी हीं स्टेशनें ओलांडल्यावर देहूरोड लागतें. नांव तुकोबांच्या देहूचें, पण वस्ती निराळी. इंद्रायणीकांठच्या देहूला जाण्याचा रस्ता फुटतो तेथें लष्कराच्या कोठारांभोंवतीं ती वाढली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं २५ डिसेंबर १९५४ रोजीं येथें बुद्धमूर्तीची स्थापना केली, हें बहुतेकांस ठाऊक असतेंच. १९५८ सालीं छावणी मंडळ झालें, आणि १९८४ सालीं सरकारी दारूगोळा खात्याचा कारखाना येथें निघाला. प्रकाश, धूर व संकेत यांसाठीं लागणारीं जळाऊ द्रव्यें हा या कारखान्याचा विषय. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना त्याहून पुष्कळ जुना, म्हणजे १८६९ चा आहे. २०२१ च्या ऑक्टोबरांत खात्याच्या सात कंपन्या झाल्या तेव्हां हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे आले. मध्यें पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन होऊन दुसऱ्याच वर्षीं पेनिसिलिन निघूं लागलें. देहूरोडच्या पुढें तळेगांव दाभाडे येथें १९०८ सालीं पैसा फंडाचा कांच कारखाना सुरू झाला होता. पंचवीस-तीस किलोमीटरांच्या या पट्ट्यांत अम्ल हा एकच शब्द चार जागीं चार अर्थांनीं लावावा लागतो, आणि एका जागचा अर्थ दुसऱ्या जागीं चालत नाहीं. तिकडे वळण्यापूर्वीं जुन्या ग्रंथांचें पाहूं.

सुश्रुताच्या सूत्रस्थानांतील अकरावा अध्याय क्षारपाकविधीचा आहे. मुष्कक, पलाश, कुटज इत्यादि झाडें जाळून राख करावी, ती पाण्यांत कालवून पुन्हां पुन्हां गाळावी, निवळ पाणी कढवावें; एवढ्यानें मृदु क्षार होतो. मध्यम क्षार हवा असेल तर कढत्या पाण्यांत भाजलेल्या चुनखडीचे, शिंपांचे व शंखाचे लाल तापलेले तुकडे घालावे. तयार झालेला क्षार लोखंडी कुंभांत भरून त्याचें तोंड बंद करावें. रसायनाच्या दृष्टीनें पाहतां ही कृति अत्यंत सयुक्तिक आहे. राखेंतील पालाशाच्या कार्बोनेटावर चुन्याची क्रिया होऊन दाहक पालाश मोकळा होतो. भांड्याचें तोंड उघडें राहिलें तर हवेंतील कार्बनी वायु शोषून तो पुन्हां मृदु होतो. सुश्रुताला या वायूची माहिती नव्हती, पण तोंड बंद ठेवावें हें अनुभवानें कळलें होतें.

याच अध्यायांत पुढें एक शंका घेतली आहे. अम्लहि तीक्ष्ण आणि आग्नेय. मग क्षारानें झालेला दाह अम्लानें कसा शमतो? आगीनें आग कशी विझेल? उत्तर असें कीं, क्षारांत अम्लावांचून इतर सर्व रस आहेत. त्याला अम्ल मिळालें म्हणजे तो आपली तीक्ष्णता टाकून मधुर होतो, आणि पाण्यानें अग्नि शमावा तसा शमतो. रसांची ही उपपत्ति आज कोणी मानणार नाहीं. परंतु तिच्या पोटांत जी व्याख्या आहे ती नीट ध्यानांत घ्यावी. क्षार तो, कीं ज्याची उणीव अम्ल भरून काढतें. एकाचें लक्षण दुसऱ्यावांचून सांगतांच येत नाहीं. पुढें युरोपांत ज्या व्याख्या झाल्या त्यांपैकीं जेवढ्या टिकल्या, तेवढ्या या जोडीचें नातें सांगणाऱ्याच आहेत.

आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं आपल्या हिंदु रसायनशास्त्राच्या इतिहासाच्या पहिल्या भागांत (१९०२) हा अध्याय युरोपीय पंडितांपुढें मांडला. फ्रेंच रसायनज्ञ बर्थेलो यानें त्या ग्रंथाचा गौरव केला, पण दाहक क्षाराचा मजकूर युरोपीय संसर्गानंतर घुसडलेला असावा अशी शंका प्रगट केली. राय यांनीं वाग्भट व चक्रपाणि यांच्या ग्रंथांत तीच कृति असल्याचें दाखवून शंकेचें निरसन केलें. चक्रपाणि अकराव्या शतकांतला. तेव्हां युरोपीय संसर्गाची गोष्टच नको. एकाच ग्रंथांतील वचन प्रक्षिप्त ठरविणें सोपें असतें, पण तीन निरनिराळ्या काळच्या ग्रंथांत तेंच वचन आलें म्हणजे प्रक्षेपवाद्यावर पुराव्याचा भार पडतो. राय यांची ही पद्धति आमच्या संशोधकांनीं अनुकरण्यासारखी आहे.

आतां बंदुकीच्या दारूकडे वळूं. गुस्ताव ओपर्ट यानें १८८० सालीं प्राचीन हिंदूंच्या शस्त्रास्त्रांवर पुस्तक लिहून, तोफ-बंदुका व दारू हीं अतिप्राचीन काळापासून या देशांत होतीं असें प्रतिपादिलें. दारूचा मुख्य घटक सोरा. सोरा ठाऊक नसेल तर दारूहि नव्हती, हें उघड आहे. चरक-सुश्रुतांत यवक्षार आहे, आणि एकोणिसाव्या शतकांतील संस्कृत-इंग्रजी कोशांत यवक्षाराचा एक अर्थ सोरा असा दिलेला सांपडतो. कोश हातीं धरणाऱ्यास मग अडचण कसली? चरकाला सोरा ठाऊक, म्हणून दारूचें मूळ द्रव्य ठाऊक, म्हणून दारूहि संभाव्य, अशी सांखळी पुरी होते.

या सांखळीची पहिलीच कडी खोटी आहे. यवक्षार म्हणजे जवाच्या हिरव्या कणसांची राख पाण्यांत विरघळवून काढलेला पदार्थ, म्हणजे मुख्यतः पालाशाचा कार्बोनेट. सोरा म्हणजे पालाशाचा नायट्रेट. पालाश दोहोंत आहे, एवढेंच साम्य. कोशकारांनीं यवक्षाराकडे नव्या अर्थानें, म्हणजे पालाशाचें एक लवण या दृष्टीनें पाहिलें. मूळ ग्रंथकारांनीं तो अम्लाचा शत्रु म्हणून सांगितला होता. सोरा अम्लाचा शत्रु नाहीं, मित्रहि नाहीं. याची परीक्षा घरीं करतां येते. हळदीवर चुना पडला म्हणजे ती लाल होते हें आमच्या स्वयंपाकघरांत सर्वांस ठाऊक आहे. जवखाराचें पाणी टाकिलें तरी ती तशीच लाल होईल. सोऱ्याचें टाकिलें तर पिवळीच राहील. जवखारावर लिंबू पिळलें तर फेंस येईल, सोऱ्यावर येणार नाहीं. उलट निखाऱ्यावर सोरा टाकिला तर आग भडकेल. जवखार नुसता पडून राहील. सुश्रुताचा क्षार दाहकर्मासाठीं आहे, त्याला पहिल्या दोन परीक्षांत उतरणें भाग आहे, आणि सोरा त्यांत उतरत नाहीं.

उदयचंद दत्त यांनीं १८७७ सालींच आपल्या हिंदु औषधिद्रव्यांच्या ग्रंथांत लिहिलें होतें कीं, सोऱ्याला संस्कृतांत मान्य असें नांव नाहीं. अलीकडच्या कांहीं कृतींत येणारा ‘सोरक’ हा शब्द देशी भाषेंतील सोरा यावरूनच बनविलेला आहे. शुक्रनीतींत दारूची जी कृति आहे तींत सोऱ्याला ‘सुवर्चिलवण’ म्हटलें आहे. शुक्रनीतीचा काळ वादग्रस्त आहे आणि तिचा आधार प्राचीनत्वासाठीं घेणें धोक्याचें आहे. परंतु तिचा कर्ता कोणीहि असो, कोणत्याहि काळचा असो, त्यानें सोऱ्याला क्षार न म्हणतां लवण म्हटलें, ही गोष्ट आमच्या मतें महत्त्वाची आहे. ज्याला दारू खरोखर ठाऊक होती त्याच्या मनांत क्षार आणि लवण यांचा भेद स्पष्ट होता. ओपर्टच्या अनुयायांच्या मनांत तो नव्हता.

असाच दुसरा प्रसंग लोणारचा आहे. आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत लोणारच्या सरोवराचा उल्लेख असून, कांच व साबण करण्यास लागणारीं द्रव्यें येथें मिळतात व सोऱ्यापासून सरकारास चांगला वसूल येतो, असें जॅरेटच्या इंग्रजी भाषांतरांत (१८९१) आहे. कांच आणि साबण यांविषयीं शंका नाहीं. लोणारचें पाणी अत्यंत अल्कधर्मी आहे. त्यांत सोड्याचे कार्बोनेट व खाण्याचें मीठ हींच मुख्य. पाणी आटलें म्हणजे तळाशीं जे थर मिळत त्यांस दल्ला, खप्पल, पापडी, भुसकी अशीं प्रतवारीचीं नांवें होतीं. या मालांत सोरा नाहीं. फारसी ‘शोर’ म्हणजे खारट, आणि शोरा हें नांव त्यांतूनच आलेलें आहे. तेव्हां खाऱ्या मालाला लावलेला शब्द भाषांतरांत सोरा होऊन बसला असण्याचा बराच संभव आहे. आसपासच्या जुन्या गांवठाणांच्या मातींतून सोरा निघत असणें अशक्य नाहीं, पण तो सरोवराचा माल नव्हे. लोणारच्या सोऱ्यावर मोगलांच्या तोफा चालत असें जर कोणी लिहील, तर त्यानें आधीं फारसी पोथीचा शब्द पाहावा.

युरोपांतील व्याख्यांचा इतिहास हळदीच्या परीक्षेसारख्याच परीक्षेपासून सुरू होतो. रॉबर्ट बॉइल यानें १६६४ च्या आपल्या रंगांवरील ग्रंथांत व्हायोलेट फुलांचा पाक अम्लानें तांबडा व अल्कानें हिरवा होतो हें लक्षण ठरविलें. अल्क हा शब्द अरबी. मूळ अर्थ खाऱ्या जमिनींतील वनस्पतींची राख, म्हणजे आमचा साजीखारच. १७५४ सालीं रूएल या फ्रेंच रसायनज्ञानें अम्लाशीं मिळून लवण करणाऱ्या सर्व पदार्थांस एक नांव दिलें. त्याचा अर्थ पाया किंवा बैठक. उडून जाणाऱ्या अम्लाला जो घट्ट बैठक देतो तो. मराठींत यालाच पुढें आम्लारी, म्हणजे अम्लाचा अरि, असें नांव मिळालें. फ्रेंच नांवांत आधार आहे, मराठी नांवांत वैर आहे.

लाव्हाझिए यानें प्रथमच परीक्षा सोडून कारणाकडे मोर्चा वळविला. गंधक, स्फुर व कोळसा हे जाळले म्हणजे जे पदार्थ होतात ते पाण्यांत अम्ल देतात. तेव्हां जळतांना मिळणारें तत्त्व हेंच अम्लाचें बीज असलें पाहिजे, असें अनुमान करून त्यानें १७७७ च्या सुमारास त्या वायूला अम्लजनक अशा अर्थाचें ग्रीक नांव दिलें. बंगालींत त्याचेंच अम्लजान झालें. मराठींत प्राणवायु हें नांव रुळल्यामुळें ती चूक आमच्या भाषेंत शिरली नाहीं, हा योगायोगाचा लाभ. चूक अशी कीं, डेव्ही यानें १८०७ सालीं विजेच्या योगानें पालाश फोडला तेव्हां त्यांतूनहि प्राणवायुच निघाला, म्हणजे अम्लाचें बीज अम्लाच्या शत्रूच्या घरीं सांपडलें. आणि १८१० सालीं मिठाच्या तेजाबांत प्राणवायु मुळींच नाहीं हें त्यानें दाखविलें. दोन्ही बाजूंनीं भिंत पडली. तरी नांव कायम राहिलें, आणि आजहि जगभर मुलें ती चूक रोज उच्चारीत असतात.

त्यानंतर लीबिग यानें १८३८ सालीं धातूस जागा देणारा हायड्रोजन हें अम्लाचें लक्षण केलें, आणि स्वीडनच्या अऱ्हेनियसनें १८८४ च्या आपल्या प्रबंधापासून १८८७ पर्यंत त्या हायड्रोजनाचा विद्युत्भारित कण केला. पाण्यांत हायड्रोजन आयन सोडतें तें अम्ल. हायड्रॉक्सिल आयन सोडतो तो आम्लारी. दोघांचें पाणी झालें म्हणजे शमन. प्रबंधाला उप्सालाच्या विद्यापीठानें अगदीं हलकी श्रेणी दिली; त्याच कामाबद्दल १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. या व्याख्येचें बळ एका मापांत होतें. कोणतेंहि तीव्र अम्ल घ्या, कोणताहि तीव्र आम्लारी घ्या, शमनाच्या वेळीं निघणारी उष्णता सुमारें १३.७ किलोकॅलरीच. अम्लें निरनिराळीं असून उष्णता एकच कां, याचा उलगडा पूर्वीं होत नव्हता. अऱ्हेनियसच्या मतानें तो झाला: क्रिया एकच आहे, पाणी होण्याची, बाकीचे आयन नुसते प्रेक्षक. सुश्रुताच्या ‘आगीनें आग कशी विझेल’ या प्रश्नाला मिळालेलें हें पहिलें मोजून दिलेलें उत्तर होय.

पिंपरीच्या पेनिसिलिनाला ही व्याख्या पुरते. डेन्मार्कच्या सोरेन्सेन यानें कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत १९०९ सालीं हायड्रोजन आयनांचें प्रमाण सांगण्यासाठीं जो आंकडा काढला, तो सातावर असला म्हणजे पाणी उदासीन. एकानें उतरला कीं अम्लता दसपट. पेनिसिलिन स्वतः एक सौम्य अम्ल आहे. बुरशीच्या काढ्यांतून तें वेगळें करतांना काढा थंड करून हा आंकडा दोनाच्या आसपास आणतात. मग पेनिसिलिन पाणी सोडून अमिल अ‍ॅसिटेटासारख्या द्रवांत उतरतें. तो द्रव सातच्या आसपासच्या पाण्याबरोबर घुसळला कीं तें परत पाण्यांत येतें. मात्र अम्लांत तें लवकर नासतें, म्हणून हें सारें थंडींत आणि त्वरेनें करावें लागतें. एका आंकड्याच्या चढउतारावर औषध हातीं येतें कीं जातें हें ठरतें. येथें तत्त्वज्ञानाला जागा नाहीं. मोजमाप हीच व्याख्या.

खडकीच्या व्यवसायांत ही व्याख्या निकामी होते. स्फोटक द्रव्यें करण्याची सर्वसामान्य रीत म्हणजे सोऱ्याचें तेजाब व गंधकाचें तेजाब एकत्र करून त्या मिश्रणाची सेंद्रिय पदार्थावर क्रिया करणें. त्यांत पाणी जवळजवळ नसतेंच, मग पाण्यांत आयन सोडण्याची गोष्ट कोठून काढावी? डेन्मार्कचा ब्रॉन्स्टेड व इंग्लंडचा लौरी यांनीं १९२३ सालीं एकमेकांस न कळतां असें ठरविलें कीं, प्रोटॉन देतें तें अम्ल व घेतो तो आम्लारी. पाणी असो वा नसो. ही व्याख्या त्या मिश्रणास लावली तर चमत्कार दिसतो. गंधकाम्ल अधिक बलवान असल्यामुळें तें प्रोटॉन देतें, आणि नत्राम्ल तो घेतें. म्हणजे ज्याला आमचे सोनार पिढ्यान्‌पिढ्या तेजाब म्हणत आले, जें चांदी विरघळवितें, तें नत्राम्ल त्या भांड्यांत आम्लारी ठरतें. प्रोटॉन घेऊन तें पाणी टाकतें व नायट्रोनियम नांवाचा आयन उरतो. स्फोटक घडविणारा तोच. इंगोल्ड व ह्यूज यांच्या मंडळीनें १९५० च्या सुमारास हें पुराव्यानिशीं सिद्ध केलें.

यांतून निघणारी गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकास विशेष उपयोगाची आहे. अम्लपणा ही पदार्थाची जात नव्हे, त्या प्रसंगींची भूमिका होय. जो वाड्यावर चाकर तोच घरीं यजमान. कागदांत एकाच माणसाच्या मागें दोन निरनिराळ्या पदव्या आल्या म्हणजे माणसें दोन होत नाहींत. अमुक पदार्थ अम्ल आहे कीं नाहीं, असा प्रश्न विचारणें १९२३ नंतर अपुरें झालें. कोणाच्या समोर, हें विचारलें पाहिजे.

तळेगांवची भट्टी आणखी वेगळी. अंताजी दामोदर काळे यांच्या खटपटीनें उभ्या राहिलेल्या पैसा फंडांतून हा कारखाना निघाला, आणि जपान व अमेरिका येथें शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं आरंभीं तेथें काम पाहिलें. लोकांकडून वर्षाला एकेक पैसा जमवून स्वदेशी कांच करावयाची, हा त्या काळचा निर्धार. कांचेंत वाळू मुख्य, तिच्या जोडीला सोडा व चुना. भट्टींत प्रोटॉन नाहीं, पाणी नाहीं. पण भट्टीवाल्यांच्या भाषेंत वाळू अम्ल आणि सोडा-चुना आम्लारी हें पूर्वींपासूनच होतें. पोलादाच्या भट्ट्यांनाहि टॉमस व गिलख्रिस्ट यांच्या १८७८-७९ मधील शोधापासून अम्ल अस्तर व आम्लारी अस्तर असे दोन प्रकार सांगत. कारागिरांच्या या बोलण्याला जर्मनीच्या लुक्स यानें १९३९ सालीं शास्त्रीय रूप दिलें आणि नॉर्वेच्या फ्लूड यानें १९४७ सालीं तें पुढें नेलें: ऑक्साइड आयन देतो तो आम्लारी, घेतें तें अम्ल. लाव्हाझिएचा प्राणवायु दीडशें वर्षांनीं परत आला, पण उलट्या बाजूनें. पूर्वीं तो अम्लाचें बीज होता, आतां आम्लाऱ्याचें दान झाला. तळेगांवच्या कारागिरांनीं लुक्सच्या आधीं तीस वर्षें तीच क्रिया चालविली होती, आणि लोणारचा सोडा ज्यांनीं कांचेसाठीं नेला त्यांनीं त्याहून कितीतरी आधीं.

देहूरोडच्या विषयाला मात्र यांपैकीं एकहि व्याख्या पुरत नाहीं. प्रकाशाच्या गोळ्यांत सामान्यतः मॅग्नेशियमची पूड व सोडियमचा नायट्रेट असतो. मॅग्नेशियम जळून पांढरी राख होते. ती राख ऑक्साइड, आणि आम्लारी. पांढरा स्फुर जाळून धूर केला तर तोहि ऑक्साइडच, पण हवेंतील ओल घेऊन त्याचें स्फुराम्ल होतें. त्या पांढऱ्या पडद्यांत अम्लाचेच बारीक थेंब असतात. दोन्ही जळाले, दोहोंनीं प्राणवायु घेतला, एकाचें अम्ल झालें आणि दुसऱ्याचा आम्लारी. लाव्हाझिएच्या मताचें खंडन यापेक्षां सोप्या रीतीनें करतां येणार नाहीं. परंतु जळण्याच्या त्या क्षणीं काय होतें? मॅग्नेशियम इलेक्ट्रॉन देतो, प्राणवायु घेतो. अमेरिकेच्या ल्यूइस यानें १९२३ सालींच, म्हणजे ब्रॉन्स्टेडच्याच वर्षीं, इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारणारें तें अम्ल व देणारा तो आम्लारी अशी व्याख्या केली होती. तींत मात्र जोडी दोघांत वांटून घेतली जाते, हिरावून नेली जात नाहीं. रशियाच्या उसानोविच यानें १९३९ सालीं हीहि मर्यादा काढून टाकिली व नुसता इलेक्ट्रॉन घेणाऱ्यासहि अम्ल म्हटलें. त्याच्या व्याख्येप्रमाणें देहूरोडचा प्रकाशगोळा म्हणजे अम्ल-आम्लाऱ्याचाच संयोग ठरतो.

आमच्या मतें ही व्याख्या ताणली गेली आहे. जळणें, गंजणें, शमणें, विरघळणें, सर्व एकाच सदरांत आलें म्हणजे सदराचा उपयोग राहत नाहीं. रसायनज्ञांनींहि ती फारशी वापरली नाहीं, यावरून त्यांचाहि अनुभव असाच असावा. ल्यूइसची मात्र दिवसेंदिवस वाढत गेली. पिअर्सन यानें १९६३ सालीं तिच्या आधारें कठीण व मृदु अम्ल-आम्लारी असा भेद करून, कोणती जोडी कोणाशीं पटते तें सांगण्याची सोय केली. आणि येथेंच आम्लारी हा मराठी शब्द अपुरा पडतो. ल्यूइसच्या हिशेबीं आम्लारी अम्लाचा अरि नव्हे; आपली जोडी पुढें करून त्याच्याशीं संसार मांडणारा आहे. शब्द बदलावा असें आम्ही म्हणत नाहीं; रुळलेला शब्द चालूं द्यावा, पण त्यांत सुश्रुतकालीन शमनाचीच कल्पना गोठलेली आहे हें जाणून चालूं द्यावा.

जुन्या दप्तरांतील याद्या वाचणाऱ्यांसाठीं एवढेंच सांगणें उरतें. नुसता ‘खार’ असा शब्द आला तर शेजारची बाब पाहावी. साबण, कांच किंवा रंगारी यांच्या खर्चांत असेल तर बहुधा साजीखार समजावा. पापडांच्या सामानांत पापडखार. दारूखान्याच्या बाबतींत सोरा स्वतंत्र लिहिलेला असावयाचा, तेथें खार सोरा म्हणून धरूं नये. सोनाराच्या बाबतींत टाकणखार संभवतो, आणि त्याच्याविषयीं विशेष जपून लिहावें. कारण पाण्यांत तो हळद लाल करणारा, म्हणजे सुश्रुत व बॉइल या दोघांच्याहि मतें क्षारच, पण मुशींत वितळला म्हणजे धातूंचीं ऑक्साइडें गिळून टाकणारा, म्हणजे लुक्सच्या मतें अम्ल आहे.